‘तार’, ‘ईथर’ आणि बिघाडाचा शोध : परभणी जिल्ह्यातील एका पर्जन्यमापकाच्या निमित्ताने

‘तार’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदत आला आहे. धातूचा लांब तंतू ही एक तार, आणि त्या तंतूवरून आलेला निरोप ही दुसरी. फारसीत ‘तार’ म्हणजे धागा. एकोणिसाव्या शतकात विद्युत्संदेश आले, तेव्हा आधाराचे नाव आधेयास मिळाले आणि ‘तार आली’ हे दोन शब्द कानी पडताच घरातील बायामाणसांच्या काळजाचा ठोका चुकू लागला. अलंकारशास्त्रात या व्यापाराला लक्षणा म्हणतात. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. लक्षणा मात्र बंद झाली नाही. ‘लाइन गेली’, ‘नेट गेले’ या आजच्या प्रयोगांतही वाहक आणि वाहिलेली वस्तू यांची तीच सरमिसळ आहे.

साहित्यात ही सरमिसळ शोभून दिसते. परंतु निरोप का पोहोचला नाही याचा शोध घेण्यास जो माणूस निघतो, त्याच्या वाटेत ती आडवी येते. तार शाबूत असताना तार येत नाही, असे वारंवार घडते, आणि हे वाक्य विरोधाभासात्मक वाटते ते केवळ शब्दाच्या दोषामुळे. तारेतील बिघाड शोधण्याच्या रीतीचा इतिहास म्हणजे हे दोन अर्थ क्रमाक्रमाने एकमेकांपासून सोडवीत नेण्याचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचा शेवटचा टप्पा परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात पाहावयास मिळाला, म्हणून हा लेख.

आरंभ जुना आहे. विल्यम ओशॉनेसी या बंगालमधील वैद्याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ बांबूंवरून तारेचे वेढे नेऊन विद्युत्संदेशाचे प्रयोग केले. पुढे १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारवाट कार्यास लागली व १८५५ पासून ही सेवा सर्वसामान्यांस खुली झाली. आमच्या भागात तारखांब दिसू लागले ते मुख्यतः रेल्वेच्या कडेने. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाडकडे जाणारा मीटरमापी रुळांचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके त्यावर वसली, आणि गाडी सुटल्याची वर्दी पुढील स्थानकास तारेनेच जाऊ लागली. येथे तार तुटणे म्हणजे केवळ निरोप चुकणे नव्हे; एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येण्याचा धोका त्यात होता. म्हणून बिघाड कोठे आहे हे लवकर कळणे अगत्याचे असे.

तारायंत्रज्ञ बिघाडाचे तीन प्रकार मानीत. तार तुटली तर खंड. तार फांदीला, भिंतीला वा ओल्या खांबाला लागून प्रवाह जमिनीत गेला तर भूसंपर्क. आणि दोन तारा एकमेकींस भिडल्या तर परस्परसंपर्क. या वर्गीकरणाचे मोल मोठे आहे. ‘तार बिघडली’ या एका वाक्याचे त्याने तीन भिन्न प्रश्न केले, आणि प्रत्येकाचे उत्तर भिन्न उपकरणाने मिळू लागले. भूसंपर्काचे ठिकाण तर जागेवरून न उठता काढता येई. दोषी तारेचे दूरचे टोक एका चांगल्या तारेस जोडावयाचे, अलीकडील दोन्ही टोके व्हीट्स्टन सेतूच्या रोधांना लावावयाची, आणि सुई स्थिर होईपर्यंत रोध बदलीत राहावयाचे. परभणी ते पूर्णा हे अंतर स्थूलमानाने २८ किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन वळसा ५६ किलोमीटरांचा झाला. सुई स्थिर झाली तेव्हा चांगल्या तारेकडील रोध व दोषी तारेकडील रोध यांचे प्रमाण ५ : ३ निघाले, तर ५६ चे तीन अष्टमांश, म्हणजे परभणीपासून २१ किलोमीटरांवर दोष आहे. माणूस तेवढ्याच मजकुराने ट्रॉलीवर बसून निघे. या रीतीस एक चांगली तार हाताशी असावी लागते, आणि सरळ तुटलेल्या तारेस ती लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

येथे भूमीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दाखवून दिले की, परतीच्या प्रवाहासाठी दुसरी तार नको, जमीनच पुरते. म्हणजे तारमार्गाचा अर्धा भाग मातीचा झाला. परभणीची माती काळी, कापसाची. पावसात ती फुगते, चैत्र-वैशाखात तिला हात-हात भेगा पडतात, व जमिनीत पुरलेल्या पट्टीपासून ती सुटून येते. म्हणून भूमिपट्टीच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतण्याची चाल आहे. विजेची कामे करणारे कारागीर इंग्रजी शब्द उचलून ‘अर्थ मिळत नाही’ अशी तक्रार करतात. अर्थ मिळत नाही ही तक्रार भाषाशास्त्राच्या अध्यापकासही रोजची आहे. पण एक घागर पाणी ओतून ती मिटविण्याची सोय त्याच्याकडे नाही.

मग तारच गळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘बिनतारी’ हा शब्द मराठीत रूढ झाला. त्यातील ‘बिन’ हे ‘विना’चे रूप. नव्या वस्तूस नाव देताना जुन्या वस्तूचा अभाव सांगावयाचा, ही भाषांची नेहमीची रीत आहे. पण तार नाही, तर लहरी कशातून जातात? एकोणिसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने उत्तर दिले, ईथरमधून. हा शब्द मूळचा ग्रीक. तोच अरबीत ‘अथीर’ झाला व उर्दूत ‘असीर’ असा उच्चारला जाऊ लागला. निजामी राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे मराठवाड्यातील एका पिढीने विज्ञान शिकले ते उर्दूतून, आणि तिच्या परिभाषेत विजेस ‘बर्क’ व विद्युत्संदेशास ‘तार-बर्की’ हे शब्द होते. उर्दूत आणखी एक ‘असीर’ आहे. त्याचे लेखन निराळे, उच्चार तोच, आणि अर्थ ‘कैदी’. दोन शब्दांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही. परंतु पुढे जे घडले ते पाहता हा योगायोग नोंदवून ठेवावासा वाटतो.

मायकेल्सन व मोर्ली यांच्या १८८७ मधील प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नाही, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याची गरजच संपविली. शब्द निराश्रित झाला. १९७१ मध्ये हवाई बेटांवरील विद्यापीठाने बेटाबेटांतील गणकयंत्रे रेडिओलहरींनी जोडली. सर्वांस एकच वाहिनी, कोणीही केव्हाही बोलावे, दोघे एकाच वेळी बोलले व निरोप नासला तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा त्या ‘अलोहा’ जाळ्याचा साधा शिष्टाचार होता. रॉबर्ट मेटकाफ या अमेरिकन तरुणाने आपल्या प्रबंधात या जाळ्याचा अभ्यास केला होता. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात त्याने तोच शिष्टाचार एका जाड तारेत उतरविला, आणि २२ मे १९७३ च्या टिपणात त्या जाळ्यास ‘ईथरनेट’ हे नाव दिले. सर्वत्र पसरलेले, सर्वांचे निरोप निमूटपणे वाहणारे माध्यम, एवढाच अर्थ त्याला हवा होता. आकाशातून निघालेला शब्द असा तारेत येऊन बसला. आज तारेच्या जोडणीस आपण ‘ईथरनेट’ म्हणतो, म्हणजे जुन्या अर्थाने पाहिले तर बिनतारी माध्यमाचे नाव तारेस देतो. असीर असीर झाला, असे हैदराबादेतील एखाद्या जुन्या शिक्षकाने म्हटले असते.

पहिल्या ईथरनेटची तार ही एकच लांब वाहिनी होती आणि सर्व यंत्रे तिलाच टोचलेली असत. टोकाचा एक रोध निखळला की सारे जाळे मुके होई व दोष कोणाच्या दाराशी आहे हे सांगता येत नसे. १९९० मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीने प्रत्येक यंत्राला मध्यवर्ती पेटीपासून स्वतंत्र केबल मिळाली, आणि केबल पिळाच्या जोड्यांची झाली. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला असता बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो व वजाबाकीत नाहीसा होतो, ही युक्ती बेलने दूरध्वनीसाठी १८८१ मध्येच काढली होती. याच नव्या पद्धतीत निरोप नसतानाही दर १६ सहस्रांश सेकंदांनी एक स्पंद पाठविण्याची सोय आली. स्पंद पोहोचला की खोबणीपाशी दिवा लागतो. पुढे वेग दसपट झाला तेव्हा स्पंदांची योजना बदलली, पण दिवा राहिला. हा दिवा म्हणजे ‘तार’ शब्दाच्या दोन अर्थांत पडलेली पहिली स्पष्ट फट होय. तंतू शाबूत आहे एवढेच तो सांगतो. निरोपाविषयी तो काही सांगत नाही. परंतु पाहणारा दोन्ही समजतो.

बिनतारी जाळ्याचे प्रमाण १९९७ मध्ये ठरले आणि १९९९ मध्ये त्यास ‘वाय-फाय’ हे बाजारी नाव मिळाले. ते एखाद्या दीर्घ नावाचा संक्षेप आहे अशी समजूत आहे. वस्तुतः ते कानाला गोड लागावे म्हणून बनविलेले नाव आहे आणि त्याची फोड मागाहून रचली गेली. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ मध्ये ईएसपी-८२६६ व २०१६ मध्ये ईएसपी-३२ हे चिमुकले गणक बाजारात आणले. नखाएवढ्या पत्र्याच्या झाकणाखाली गणक, स्मृती व वाय-फाय ही सर्व मावतात, आणि किंमत शाळकरी मुलाच्या आवाक्यातली. लोक यास ‘वाय-फायची पट्टी’ म्हणतात. पण ईएसपी-३२ च्या पोटात तारेच्या ईथरनेटचाही अर्धा भाग आहे, हे या नावामागे झाकून जाते. निरोपाची चौकट बांधणारा भाग आत आहे. ती चौकट प्रत्यक्ष विद्युत्स्पंदांत उतरविणारा भाग बाहेरून जोडावा लागतो. त्यासाठी एलएएन-८७२० ही चकती बहुधा वापरली जाते. दोघांनी एकमेकांशी एका ठेक्यात बोलावे म्हणून सेकंदास ५ कोटी ठोके देणारा एक स्पंदक त्यांच्यामध्ये लागतो. हा स्पंदक ध्यानात ठेवावा.

आता परभणीकडे वळू. जिल्ह्यातील पावसाच्या नावांचा संग्रह करीत असता (झड, शिरवे, भुरभुर इत्यादी) एका खेड्यातील शाळेत जाण्याचा योग आला. तेथील विज्ञानशिक्षकांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसविला होता. पाऊस साठून छोटी दोलापात्रिका उलटते, प्रत्येक उलटण्याची मोजणी ईएसपी-३२ ची पट्टी करते व आकडे दूरच्या गणकाकडे धाडते. मधल्या पत्र्यांमुळे कार्यालयातील वाय-फाय गच्चीपर्यंत पोहोचत नसे, म्हणून गुरुजींनी सुमारे ६० मीटर केबल ओढली होती. पट्टीत स्मृतिपत्रिका नव्हती. जो आकडा गेला नाही तो गेलाच.

या आकड्यांचे गावास महत्त्व वाटे, त्याचे कारण असे. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्याची व मदतीची वाट तेथून सुरू होते. मंडळाचे अधिकृत मापक बऱ्याच वेळा दुसऱ्या गावी असते, आणि मराठवाड्यातील पाऊस शिवाराची सीमा पाळीत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री या गावाच्या ओढ्याने सोयाबीन झोपविले. मंडळाचा आकडा मात्र ६५ च्या आत राहिला. शाळेच्या आकड्यास कायद्याने किंमत नव्हती हे सर्वांस ठाऊक होते. तरीही अर्जासोबत तो जोडावा म्हणून चार माणसे सकाळी शाळेत आली. त्या रात्री पावणेएकपासूनचा रकाना कोरा होता. एका वृद्ध गृहस्थांनी गुरुजींना एवढेच विचारले, “गुर्जी, तार होती ना?” तार होती. खोबणीपाशी दिवाही जळत होता.

शोधास प्रथम केबलपासूनच आरंभ झाला, आणि तेथे एक दोष खरोखरच सापडला. केबलची टोके ज्या कारागिराने बसविली होती, त्याने आठ तारा जोडी-जोडीने क्रमवार लावल्या होत्या. दिसण्यास हे सयुक्तिक वाटते. परंतु ईथरनेटच्या खोबणीत तिसरी व सहावी ही एक जोडी असते. क्रमवार लावल्याने ही जोडी दोन वेगळ्या पिळांत विभागली गेली आणि पिळाचा उपयोग संपला. तपासणीची साधी पेटी प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे एवढेच पाहते; तिने आठही दिवे क्रमाने दाखविले. चार हातांच्या केबलवर हा दोष लपून राहिला असता. ६० मीटरांवर लपला नाही. प्रचलित रंगक्रमाने टोके नव्याने बसविली, आणि पूर्वी मिणमिणणारा दिवा स्थिर झाला. सर्वांचे समाधान झाले.

पुढच्या आठवड्यात रात्री वीज गेली व तासाभराने आली. सकाळी रकाना पुन्हा कोरा, आणि दिवा पुन्हा स्थिर.

या वेळी गुरुजींनी आपला नेहमीचा उपाय केला. त्यांनी पट्टीची वीज काढली, केबल उपटली, दोन्ही पुन्हा बसविली. पहिल्या खेपेस काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस आकडे वाहू लागले. ‘केबल हलवली की चालते’ असा शाळेत सिद्धान्तच झाला होता. आपल्या नैयायिकांनी काकतालीय म्हणून जो न्याय सांगितला, त्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. कावळा बसला केबलवर. फांदी मोडत होती ती विजेच्या जाण्या-येण्याने.

सुदैवाने तेथे सुटीवर आलेला गावचाच एक तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी होता. त्याने ठरविले की केबलला हात लावावयाचा नाही. पट्टीवर नवा कार्यक्रम भरण्यासाठी जी दोन-तीन टोके राखून ठेवलेली असतात, त्यांना त्याने आपला गणक जोडला व वेग ११५२०० बॉड ठेवला. या ‘बॉड’ एककास एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाचे नाव मिळाले आहे. जुन्या तारखात्याचा आत्मा तेथेही हजर होता. मग त्याने पट्टीची वीज पुनःपुन्हा काढून लावली. कधी कार्यक्रम नीट सुरू होई. कधी पट्टी एकच ओळ लिहून गप्प बसे, आणि त्या ओळीचा आशय असा की, नवा कार्यक्रम कोणी भरील याची मी वाट पाहत आहे. म्हणजे पट्टी मेली नव्हती, केबल तुटली नव्हती, पेटी व पलीकडील सेवाही ठीक होती. पट्टी त्या रात्रीपासून सकाळपर्यंत आज्ञेची वाट पाहत जागी होती, आणि हे ती ज्या टोकावर सांगत होती तेथे ऐकणारा कोणी नव्हता.

कारण पुढीलप्रमाणे निघाले. ईएसपी-३२ च्या ‘शून्य’ क्रमांकाच्या पायास दोन कामे आहेत. वीज येताच गणक त्या पायाकडे एकदा पाहतो. तेथे विद्युद्दाब उच्च असेल तर आपला कार्यक्रम चालवितो. नीच असेल तर नव्या कार्यक्रमाची वाट पाहतो. पुढे ईथरनेट सुरू झाल्यावर बाहेरील स्पंदकाचे ठोके आत घेण्याचा पायही तोच. गुरुजींनी सुटे भाग जोडून पट्टी बनविली होती, आणि तिच्यातील स्पंदक वीज येताक्षणी ठोके देऊ लागे. मग गणकाने पाहिले त्या क्षणी ठोका वर होता की खाली, यावर त्या दिवसाच्या पावसाची नोंद अवलंबून राहिली. आणि दिवा? तो एलएएन-८७२० च्या अखत्यारीतला. ती चकती आपल्या स्पंदकाच्या बळावर पलीकडील पेटीशी परस्पर बोलणी करून जोडणी पक्की करते. आतील गणक जागा आहे की दिङ्मूढ, याची चौकशी ती करीत नाही. हरकाऱ्याने वेशीवर येऊन घुंगुरकाठी वाजवावी आणि थैली रिकामी असावी, तसा हा प्रकार.

दुरुस्ती लहान होती. स्पंदकाला चालू-बंद करणारा एक पाय असतो. तो ईएसपी-३२ च्या दुसऱ्या एका पायाशी जोडला आणि एका रोधाने त्यास आरंभी बंद स्थितीत धरून ठेवले. शून्य क्रमांकाचा पाय दुसऱ्या रोधाने उच्च दाबास बांधला. कार्यक्रमात क्रम बदलला : प्रथम गणक जागा होईल, मग तो स्पंदक सुरू करील, क्षणभर थांबेल, आणि नंतर ईथरनेटला हाक मारील. बाजारातील काही तयार पट्ट्यांवर ही योजना कारखान्यातच केलेली असते. ज्याला हे ठाऊक आहे त्याचे चार पैसे जास्त जातात व पुष्कळ रात्री वाचतात. मग विद्यार्थ्याने वीस-पंचवीस वेळा वीज काढून लावली व प्रत्येक वेळी पट्टीने पत्ता मागितला, पत्ता मिळविला, आकडा धाडला. पत्ता मिळाला पण आकडा गेला नाही, तर पुढील कोणत्या सांध्यापाशी पाहावयाचे, हेही त्याने गुरुजींस एका कागदावर लिहून दिले. परभणी-पूर्णा मार्गावर व्हीट्स्टन सेतूच्या सुईने जे केले, तेच हे होते. मार्ग तेवढा २८ किलोमीटरांवरून तळहाताएवढा झाला होता, आणि अंतराऐवजी क्रम मोजावयाचा होता.

कोऱ्या रकान्याचा अर्ज पुढे निकालात निघाला तो मंडळाच्या आकड्यावरच. पुढील पावसाळ्यात त्या गावी वीज अनेकदा गेली. नोंद अखंड राहिली. शाळेच्या दैनंदिन नोंदवहीत दुरुस्तीच्या दिवशीचा शेरा लेखकाने मुद्दाम पाहिला. त्या दिवशी केबलला कोणीही हात लावला नव्हता. शिपायाने सुवाच्य अक्षरात लिहिले आहे : ‘पावसाच्या यंत्राची तार दुरुस्त केली.’